पुणे ते वेंगुर्ला, तीन डिझेल गाड्या आणि भरपूर गप्पा

तीन गाड्या, तिन्ही डिझेलच्या. सगळ्यात पुढे काकांची जुनी इनोव्हा, मध्ये माझी २०१२ची स्विफ्ट आणि मागे ऑफिसातल्या मित्राची नवी कोरी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतली, एसयूव्ही. काका वयाने आमच्याहून बरेच मोठे, पण गाडीचा विषय निघाला की आमच्यातलेच. पुणे, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला असा चारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. समुद्र बघायचा होताच. पण खरं सांगायचं तर गाड्या मोकळ्या रस्त्यावर काढायच्या आणि मनसोक्त इंजिनांवर बोलायचं, हेच मुख्य कारण.

निघताना टाक्या फुल केल्या. पंपावरचा मुलगा "झीरो बघा" म्हणाला, आकडे पळायला लागले आणि काकांनी आपला लाडका विषय काढला. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१च्या आत होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! पेट्रोलचे भाव सरकारने २०१०मध्ये मोकळे केले होते, डिझेलचे मात्र हातात धरून ठेवले होते. त्या काळात महिना दीड हजार किलोमीटर गाडी फिरवणारा माणूस पेट्रोल गाडीकडे बघतही नव्हता. मग जानेवारी २०१३पासून डिझेल थोडं थोडं वाढत गेलं, ऑक्टोबर २०१४मध्ये तेही मोकळं झालं. २०१७च्या जूनपासून तर भाव रोज बदलायला लागले. २०२५मध्ये पुण्यात पेट्रोल एकशे चारच्या आसपास आणि डिझेल नव्वदीत होतं. फरक निम्म्याहूनही खाली आला.

माझी स्विफ्ट त्याच लाटेतली. १२४८ सीसीचं हे इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते परवाना घेऊन मानेसरला बनवलं आणि फियाट-टाटांनी आपल्या रांजणगावात. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, डिझायर, रिट्झ, अर्टिगा... किती गाड्यांत ते बसलं! गाडीवेडे त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे, आणि मला तरी त्यात जराही अतिशयोक्ती वाटत नाही. दोन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) खाली ते सुस्त असतं, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जागा झाला की पाठ सीटला टेकते. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. हंगाम उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रॉलीबाहेर लोंबणारं वाडं, आणि त्यांच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आमची रांग. तिथे काका जे बोलले ते माझ्या कायम लक्षात राहील. या पट्ट्यातले किती तरी कारखाने आता इथेनॉल करतात, ते पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळलं जातं. पण ऊस फडातून कारखान्यापर्यंत जातो तो डिझेलवर. म्हणजे तुमच्या पेट्रोलच्या टाकीतला काही हिस्सा आधी या ट्रॅक्टरच्या धुरातून गेलेला असतो. चहा हातात धरून आम्ही तिघंही त्या ट्रॅक्टरांकडे बघत राहिलो.

काकांचं डिझेलशी नातं कारच्याही आधीचं. त्यांच्या वडिलांच्या विहिरीवर किर्लोस्करांचं ऑइल इंजिन होतं, खडकीच्या कारखान्यातलं. ते चालू करायचं काम लहानपणी काकांकडे. त्यांनी हातवारे करून दाखवलं: डाव्या हाताने डीकॉम्प्रेशनची कळ उचलून धरायची, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. उजव्या हाताने हँडल जोरात फिरवायचं आणि चाकाला वेग आला की कळ सोडायची. मग पहिला ठोका, दुसरा, आणि सगळं शिवार ऐकेल असा आवाज. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती इतकी तापते की फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. काकांना ती त्या हँडलच्या झटक्यातून मनगटाला माहीत आहे.

आज काकांचा शेतीपंपांच्या सुट्या भागांचा धंदा आहे. आठवड्यातले चार दिवस बार्शी, पंढरपूर, सांगली. इनोव्हाने साडेतीन लाख किलोमीटरचा टप्पा कधीच ओलांडला. इंजिन उघडलेलं नाही, क्लच आणि सस्पेन्शनचं काम तेवढं झालं. "मला हिशोब करावा लागत नाही रे," ते म्हणाले, "माझा धंदाच या इंजिनावर बसलाय."

मित्राचं गणित अगदी उलटं. कोल्हापूरच्या अलीकडे त्याचा फोन आला, "अरे, डीपीएफचा दिवा लागलाय." आम्ही सगळे बाजूला घेणार तेवढ्यात काका म्हणाले, "थांबू नकोस. गिअर एक खाली घे, ऐंशीने चालव, पंधरा-वीस मिनिटं पाय हलवू नकोस." बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. तो भरला की आतली काजळी जाळावी लागते आणि त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. मित्राचं घर कोथरूडला, ऑफिस बाणेरला. सात-आठ किलोमीटर, तेही सिग्नल-सिग्नल. एवढ्यात फिल्टर तापतच नाही. काजळी साठत जाते आणि एक दिवस दिवा लागतो. हायवेवर मात्र तो दिवा कागलच्या आधीच विझला. गाडी थांबवली तेव्हा पंखा जोरात फिरत होता, आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, नेहमीपेक्षा चढलेलं आणि मागून करपल्यासारखा उग्र वास. मित्र बिचारा घाबरला होता. काकांनी बॉनेटवर हात ठेवून त्याला समजावलं, की यात इंजिनाचं काही बिघडलेलं नाही, गाडीला फक्त पळायला हवं होतं.

माझं ठाम मत आता हे आहे: डिझेल घ्यायचं की नाही हे लिटरच्या भावावरून ठरवू नये. तुम्ही राहता कुठे, कामाला जाता कुठे, रविवारी गाडी कुठे नेता, ते आधी बघावं. शोरूममध्ये हा प्रश्न विक्रेत्याने विचारायलाच हवा. मित्राला तो कुणी विचारला नव्हता.

आजऱ्याच्या पुढे रस्ता अरुंद होत गेला आणि झाडी दाट. आंबोलीला भजी खाल्ली, घाट उतरायला घेतला. उतरताना मी दुसरा-तिसरा गिअर सोडला नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन उतारावर गाडीला छान धरून ठेवतं, ब्रेकवर पाय अधूनमधूनच लागतो. पुढे एका वळणावर एक पर्यटकांची गाडी बाजूला उभी, चाकांतून ब्रेक लायनिंग जळाल्याचा वास. काकांनी थांबून त्यांना पाणी दिलं, आणि चाकांवर ते ओतू नका, थोडा वेळ नुसतं उभं राहा, असंही सांगितलं.

सावंतवाडीत मुक्कामाच्या ठिकाणी विषय पुन्हा भावाकडे. गोवा इथून हाकेच्या अंतरावर. २०१२मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, तेव्हापासून टाकी भरायला पलीकडे जायची सवय इकडे रुळली. आता तिथेही कर आहे, तरी पेट्रोल बरंच स्वस्त पडतं. आम्हीही जावं का, म्हणून घरमालकांना विचारलं. "पेट्रोलाक जावा, डिझेलाक जावन काय फायदो नाय," त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ला बंदरावर एका ट्रॉलरमालकांशी गाठ पडली. आम्ही तिघं गाड्यांच्या अॅव्हरेजवर बोलत होतो ते ऐकून तेच जवळ आले. त्यांच्या बोटीचं इंजिन सहा सिलिंडरचं, ट्रकमध्ये बसतं तशा जातीचं. आमच्या भाषेत किलोमीटर असतात, त्यांच्या भाषेत तास: तासाला किती लिटर जातं, जाळं किती तास ओढायचं. सगळ्यात मोठा खर्च डिझेलचाच, बर्फ आणि खलाशांची मजुरी त्यानंतर. मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो, पण आधी पूर्ण भाव मोजून टाकी भरावी लागते. "मासो गावंदे नायतर न गावंदे, टाकी भरूकच व्हयी," ते म्हणाले. दोन रुपयांनी भाव वाढला की मला महिन्याला फारफार तर दीडशे रुपये जास्त जातात. त्यांच्या एका फेरीला शेकडो लिटर लागतं. भाववाढीची बातमी मी तोवर फक्त स्वतःच्या टाकीपुरती वाचत होतो.

परतीचा आंबोली घाट मला हवा तसा मिळाला. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, तिसरा गिअर, काटा दोन हजारांच्या जरा वर. टर्बोची बारीक शीळ काचेतून ऐकू येत होती आणि एकाही वळणावर गिअर खाली घ्यावा लागला नाही. वर पोचल्यावर किल्ली लगेच फिरवली नाही, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं. चढानंतर टर्बो लालबुंद तापलेला असतो, तेल फिरत राहिलं तर त्याचं बेअरिंग वाचतं. काकांनीही तेच केलं, मित्राने आमचं बघून केलं.

पुण्यात शिरताना पंपावर हिशोब झाला. स्विफ्टने वीसच्या वर अॅव्हरेज दिलं होतं, म्हणजे किलोमीटरला साडेचार रुपये. हीच गाडी पेट्रोलची असती तर सव्वासहा-साडेसहा गेले असते. मित्राने शहरातलं आपलं अॅव्हरेज सांगितलं, अकरा. दोन आठवड्यांतून एकदा तरी गाडी हायवेवर काढायची असं त्याने ठरवलंय, आणि पुढची गाडी पेट्रोल किंवा सीएनजी. काकांच्या इनोव्हाचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग पर्यावरण कर भरून झालेलंच आहे. माझ्या स्विफ्टची पंधरा वर्षं २०२७ला भरतात. मी तिचं पासिंग करून घेणार आहे. टायमिंग चेनचा आवाज तेवढा एकदा मेकॅनिकला ऐकवायचाय.