हे लोक ऑफिसला जातात तरी कधी?

मराठी मालिकेतल्या माणसांना नोकरी असते पण काम नसतं, हे माझं जुनं मत आहे आणि ते दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर रिमोट सासूबाईंच्या ताब्यात, त्यामुळे पोळ्या करता करता, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडता निवडता जेवढं कानावर पडतं तेवढं माझं बघणं. हिरो कंपनीचा मालक. कसली कंपनी? ते देवाला माहीत. काचेची केबिन असते, टेबलावर लॅपटॉप असतो, एक फाईल येते, तिच्यावर सही होते आणि त्या सहीत कोणीतरी कोणाचीतरी प्रॉपर्टी लाटतं, झालं ऑफिस. उरलेला वेळ सगळे घरी. मंगळवारी सकाळी अकरा वाजता अख्खं खानदान नटूनथटून हॉलमध्ये उभं! मी अकाउंट्समध्ये काम करते हो, मार्चमध्ये घरच्यांना माझं तोंड दिसत नाही, आणि इथे कंपनीचा एमडी भरदुपारी बायकोच्या हळदीकुंकवाला हजर.

'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ ला सुरू झाली तेव्हा मला त्यातली राधिका आवडायची, खरंच. नवऱ्याने फसवलंय, हातात काही नाही, मग मसाले करून विकायचे. हे पटण्यासारखं आहे, आपल्या आजूबाजूला अशा दहा बायका असतात, कोणी दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी घेतं, कोणी उन्हाळ्यात कुरडया. मला वाटलं आता ही मिरच्या कुठून घेते, भाव कसा ठरवते, उधारी कोण बुडवतं, असं काहीतरी बघायला मिळेल. तर बघता बघता बाई तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण! पहिलं पाकीट आणि तीनशे कोटी यांच्या मधलं सगळं गायब. जीएसटी कधी भरला, लायसन काढायला कोणाच्या पाया पडावं लागलं, गोडाऊन कुठे घेतलं, काही नाही. सासूबाईंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, तुला हिशेब बघायचे असतील तर ऑफिसातच बस की. त्याही बरोबरच आहेत म्हणा.

पण पूर्वी असं नव्हतं, किंवा निदान एवढं नव्हतं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधलं घर बघताना महिन्याच्या पगारावर चालणारं घर बघतोय असं वाटायचं, आबांपासून शिऱ्यापर्यंत. आणि कोणी हसेल, पण मला 'होम मिनिस्टर'ही याच कारणासाठी आवडायचा. २००४ ला सुरू झालेला कार्यक्रम, आदेश भावोजी येणार, खेळ होणार, पैठणी मिळणार, ते सगळं ठीक, माझं लक्ष मात्र मागच्या घरावर. दीड खोलीचं घर, पलंगाखाली डबे, फ्रीजवर टोपल्या, आणि ती वहिनी सांगतेय की ती शिकवण्या घेते किंवा पोळ्या लाटून देते. टीव्हीवर एवढी खरी घरं दुसरीकडे कुठे दिसली मला आठवत नाही.

सिनेमात मात्र काम दिसतं, आणि जिथे दिसतं तो सिनेमा मला हमखास आवडतो, हे माझ्या जरा उशिरानेच लक्षात आलं. 'उंबरठा' घ्या. १९८२ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे. लोक त्याच्याबद्दल बोलतात ते बाई घर सोडते म्हणून, किंवा गाण्यांसाठी. गाणी आहेतच भारी. पण तो मुळात नोकरीचा सिनेमा आहे असं मला वाटतं. स्मिता पाटील महिलाश्रमाची सुपरिंटेंडंट म्हणून जाते आणि मग कारभार कसा चालतो ते आपण तिच्याबरोबर बघत जातो, आश्रमातल्या बायकांची भांडणं, कोण पळून जायच्या तयारीत, मॅनेजिंग कमिटीवरच्या बड्या लोकांचे आपापले हितसंबंध आणि हिने फक्त मान डोलवावी ही अपेक्षा. ज्यांनी कुठल्याही संस्थेत कमिटीच्या हाताखाली नोकरी केलीय त्यांना त्या मीटिंगांचे सीन बघून पोटात गोळा येईल. स्मिता पाटील तिथे रडत-ओरडत नाही फार, ती टेबलामागे बसते, ऐकते, आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत जातो. घरी नवऱ्याचं काय चाललंय ते कथेला लागतंच, पण माझा जीव त्या ऑफिसात अडकलेला असतो.

तसाच 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, व्हेनिसला बक्षीस, मग राष्ट्रीय पुरस्कार, आपल्याकडे थेटरात आला २०१५ मध्ये. आमचे अहो अर्ध्या तासात झोपले आणि अजून म्हणतात की त्यात काही घडतच नाही. मला उलट वाटतं की एवढं घडणारा सिनेमा कमी. एका शाहिरावर केस, आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. आणि सगळं चालतं ते तारखांवर. साक्षीदार नाही, पुढची तारीख. एक बाई बिनबाह्यांचा ड्रेस घालून आली म्हणून जजसाहेब तिची केसच पुढे ढकलतात. त्यातली सरकारी वकील म्हणजे गीतांजली कुलकर्णी, ती कोर्टात जुनी कलमं सपाट आवाजात वाचून दाखवते, मग लोकलने घरी, वाटेत पोराला पाळणाघरातून घ्यायचं, घरी आल्यावर स्वयंपाक, बाकीचे टीव्हीसमोर आणि ही वाढतेय. त्या बाईचा राग येतो कोर्टात आणि घरी दया येते, आणि दोन्ही एकदमच येतं. बचावाचा वकील गाडीत जाझ ऐकत सुपरमार्केटमध्ये चीज घेतो. याहून जास्त काय घडायला पाहिजे?

आणि मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. ती सांगते की नवरा आत उतरण्याआधी गटारात खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर नाही. मास्क नाही, काही नाही. ती हे इतक्या साधेपणाने सांगते, आपण भाजीचा भाव सांगावा तसं, की मला पुढचे काही सीन कळलेच नाहीत. केस शाहिरावर चाललीय, पण त्या माणसाला मारलं कशाने ते त्या एका खड्यात आलं की सगळं.

'सैराट'बद्दल माझं मत चारचौघात बोलायची सोय नाही. सगळ्या देशाला 'झिंगाट' आवडलं, मीही नाचलेय लग्नात, पण माझा सिनेमा इंटरव्हलनंतर सुरू होतो. हैदराबादला. आर्ची, पाटलाची पोर, बुलेट चालवणारी, ती झोपडपट्टीत येऊन पडते, संडासला जायचं तर नाक दाबून, भाषा कळत नाही. मग ती बॉटलिंगच्या कारखान्यात लागते, तिच्याबरोबर पळून आलेला परश्या डोशाच्या गाडीवर. पैसे येतात तसं बूड टेकतं, आणि भांडणंही येतात. थेटरात माझ्या मागच्या रांगेतली पोरं इथे कंटाळून मोबाईल काढून बसली होती, त्यांना गाणी पाहिजे होती. पण हा भाग एवढा सावकाश दाखवलाय म्हणूनच शेवट बघवत नाही, नाहीतर ती फक्त एक बातमी झाली असती.

'फँड्री'त तर कामच शिक्षा आहे. डुकरं धरायची, सगळ्या गावाने बघत हसायचं, शाळेतल्या पोरीसमोर. त्यावर जास्त लिहीत नाही, परत बघायची माझी हिंमत झालेली नाही. त्यामानाने 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हसत खेळत. फाळक्यांच्या सिनेमात काम करतो असं सांगायची तेव्हा लाज, म्हणून मंडळींनी सांगायचं की फॅक्टरीत कामाला आहे! परेश मोकाशींनी सगळ्या खटाटोपाची मजा दाखवलीय, घरातलं सामान विकलं जातंय आणि फाळक्यांची बायको सरस्वतीबाई न कुरकुरता कामाला लागल्यात. जरा जास्तच न कुरकुरता, असं माझं म्हणणं. घरातली भांडी विकली जाताना कुठली बाई एवढी हसते?

ताम्हाणेचा दुसरा, 'द डिसायपल', त्याच्यावर आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर भांडण झालं होतं. एकीचं म्हणणं, हिरो रडका आहे. असेल. गाणं शिकतोय, गुरुजींचे पाय चेपतोय आणि पोटासाठी जुन्या गाण्यांच्या सीडी काढणाऱ्या छोट्याशा कंपनीत नोकरी, आई फोनवर नोकरीचं बघ म्हणून मागे लागलेली. रात्री रिकाम्या रस्त्यावरून बाईक आणि कानात माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, व्याख्यानं, आवाज सुमित्रा भाव्यांचा. मला रडका नाही वाटला. आवडीचं काम आणि जमणारं काम वेगळं निघालं की माणूस असाच दिसतो.

सिरीजमध्ये 'पंचायत'चा पहिला सीझन याच कारणासाठी डोक्यावर घेतला मी. वीस हजार पगाराचा सचिव, ऑफिसची किल्ली सापडत नाही, मॉनिटर चोरीला जातो, खुर्चीवरून मानपान, सोलरचा दिवा कोणाच्या दारात लावायचा यावर राजकारण, आणि प्रधान बाई पण कारभार नवऱ्याचा. आमच्या गावाकडची ग्रामपंचायत उचलून उत्तर प्रदेशात बलियाला ठेवलीय असं वाटलं. पण पुढच्या सीझनांमध्ये आमदार आला, मारामाऱ्या आल्या, निवडणूक आली, आणि सचिवजी रजिस्टर उघडताना दिसेनासे झाले. लोकांना आवडतंय, चालू दे.

मला कोणीतरी तलाठी ऑफिसावर सिरीज काढून द्या. सातबारा, फेरफार, सर्व्हर डाऊन, बांधावरून भांडणं, बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा माणूस, एवढ्यात दहा एपिसोड आरामात निघतील. फक्त तिसऱ्या सीझनला तलाठ्याच्या घरात तीनशे कोटी घुसवू नका म्हणजे झालं.