चांगलं घर

दुपारी सोफ्याखाली गेलेला बॉल काढायला म्हणून पालथी पडले आणि हाताला दात लागला. पिल्लाचा, दुधाचा सुळा. बारीक, किंचित वाकडा, टोकाला अजून अणकुचीदार आणि बुडाशी पोकळ. नवा दात वर येताना जुन्याचं मूळ विरघळत जातं, म्हणून पडलेल्या दाताला मूळ असं उरतच नाही. पिल्लांना असे 28 दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. पडलेले बहुतेक दात खाता खाता पोटात जातात, त्यामुळे आयुष्यभर कुत्री पाळलेल्या कित्येकांच्या हाती कधी एकही लागत नाही. मी तो बाहीला पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. दाताची मालकीण उरलेल्या दातांनी माझ्या चपलेचा पट्टा कुरतडत होती.

मालकीण म्हटलं खरं, पण कागदोपत्री ती आमची कुणी नव्हती. ‘थोडे दिवस सांभाळा, तोवर आम्ही चांगलं घर बघतो,’ एवढ्यावर ती प्राण्यांच्या एका संस्थेकडून आली होती. फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं पिल्लू ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवलं जातं, आणि ऐकणाऱ्यालाही मनातून माहीत असतं की ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. मी अडले त्या ‘चांगल्या घरा’वर. त्या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे.

शाळेत असताना आम्ही तीन-चार मुलांनी जिन्याखाली एक पिल्लू ठेवलं होतं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात कुणाचातरी उसवलेला स्वेटर, आणि स्वेटरच्या आत गुंडाळलेलं गजराचं घड्याळ. टिकटिक ऐकली की पिल्लाला आई जवळ आहे असं वाटतं, हे आमच्यातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. पिल्लाला काय वाटलं कुणास ठाऊक, ते रात्रभर रडायचंच. एकदा पहाटे गजर वाजला तेव्हा पिल्लाबरोबर सगळी इमारत उठली. त्यानंतरच्या संध्याकाळी शाळेतून आलो तर खोकं घडी घालून भिंतीला टेकवलेलं, स्वेटर वाळत टाकलेला.

‘चांगल्या घरी गेलं ते,’ आई म्हणाली.

‘कुणाच्या?’

‘चांगल्या.’

बाकीच्यांच्या घरीही हेच उत्तर. सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून ठरवल्यासारखं एकच वाक्य, आणि त्या वाक्याला पत्ता नव्हता. पुढे कितीतरी वर्षं मी ते घर मनात बांधत राहिले. आधी त्याला अंगण दिलं, मग एक आजोबा दिले, मग आजोबांना भरपूर रिकामा वेळ दिला. कधीतरी कळायला लागलं की ज्या घराला इतकं सजवावं लागतं ते बहुधा नसतंच. आईला पुन्हा विचारलं नाही. ‘चांगलं घर’ कानावर पडलं की अजूनही मला ते घडी घातलेलं खोकं दिसतं.

आणि आता मी स्वतः फोनवर तेच म्हणत होते. हिला चांगलं घर मिळेल हो.

पिल्लासाठी घर शोधायचं तर आधी जाहिरात लिहायला लागते. फोटो काढायचा तर ही काळीकुट्ट. गालिच्याला भोक पडलंय आणि भोकातून कुणीतरी दोन डोळ्यांनी बघतंय, असं काहीतरी यायचं. शेवटी खिडकीशी बसवून, उजेड बाजूने घेऊन एक फोटो जमला. मजकूर त्याहून अवघड. ‘खेळकर’ म्हणजे पडदे फाडते. ‘चौकस’ म्हणजे कचऱ्याचा डबा उलटा करते. ‘माणसांची आवड’ म्हणजे एकटं सोडलं की दार ओरबाडते. या जाहिराती वाचणाऱ्या अनुभवी लोकांना हे शब्द बरोबर कळतात, नवख्यांना कळत नाहीत, आणि फोन नेमके नवख्यांचे येतात. पहिला प्रश्न: जात कोणती? मी सांगायचे, चावरी.

दुसरं एक वाक्य मला सोसत नाही. रस्त्यावरून वाचवून आणलेली कुत्री म्हणे फार कृतज्ञ असतात. आमच्याकडच्या बाईसाहेबांनी टीव्हीचा रिमोट खाल्ला, तेव्हा त्यांच्या तोंडावर कृतज्ञता शोधायचा मी प्रयत्न केला. समाधान होतं, भरपूर होतं. पण आपल्यावर कुणी उपकार केलेत असा भाव कुठेच नव्हता, आणि का असावा? चार महिन्यांच्या जिवाने ऋणाची वही कशाला ठेवायची?

काम मात्र असतं, आणि ते वेळेत करायचं असतं. पार्व्हो नावाचा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. त्याआधी कुत्र्यांना तो ठाऊकच नव्हता. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो जमिनीत उतरतो आणि महिनोन्‌महिने तिथे टिकून राहतो. नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. म्हणून लशीचे सगळे डोस, म्हणजे जवळजवळ सोळाव्या आठवड्यापर्यंतचे, पुरे होईतो पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडायचं नाही. आणि दुसरीकडे, जग ओळखीचं करून घ्यायचं पिल्लाचं वय तिसऱ्या आठवड्याला सुरू होतं आणि बाराव्या-चौदाव्यापर्यंत संपत येतं. थोडक्यात, जेव्हा दाखवायचं तेव्हा खाली सोडायचं नाही, आणि सोडता येईल तेव्हा दाखवून फारसा उपयोग नाही. निसर्ग आणि डॉक्टर यांनी एकदा बसून वेळापत्रक ठरवायला हरकत नव्हती.

यातून वाट एकच, कडेवर घेऊन हिंडायचं. मी हिंडले. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारी बाई, उघडणारी छत्री, मागे येणारा ट्रक, चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ, रडणारं मूल. लोकांना वाटायचं पिल्लाचे लाड चाललेत. माझा हात भरून आलेला असायचा आणि तिचं नाक माझ्या कोपराच्या बेचक्यातून बाहेर येऊन हवेत नुसतं हलत असायचं, त्या ओल्या नाकपुड्यांच्या कडेच्या फटीसुद्धा उघडमीट करायच्या. छत्रीला घाबरली. ट्रकला नाही.

याच दिवसांत एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत झालेला, 1961 साली प्रसिद्ध झालेला. पिल्लांना आईसकट उंच कुंपणाच्या मैदानात ठेवलं, अन्नपाणी फटीतून, माणसाचं दर्शन नाही. मग काही पिल्लांना वेगवेगळ्या वयात फक्त एकेक आठवडा बाहेर काढून माणसांबरोबर खेळवलं आणि परत आत सोडलं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानातल्या जनावरासारखी बुजरी निघाली, पुढे जवळ घेऊनही फारशी निवळली नाहीत. पण पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात ज्यांना तो एक आठवडा मिळाला होता, ती माणसाकडे येत होती. प्रयोग निर्दय आहे, आज कुणी करू देणार नाही. पण तो वाचल्यावर ‘आपण काय, थोडे दिवसच ठेवणार’ हे म्हणणं मला जमेना. माणूस या प्राण्याबद्दल तिचं जे काय मत व्हायचं ते आमच्याच दिवाणखान्यात होत होतं, पुढे ती कुणाकडे का जाईना.

आणि मग जर्मनीतलं ते पिल्लू. बॉनजवळ ओबरकासेलला 1914 साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा, जवळपास 14 हजार वर्षांपूर्वीचे. कुत्रा म्हणजे सात महिन्यांचं पिल्लूच. त्याच्या दातांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्के दात हिरडीत तयार होत असताना पिल्लाला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार झाला तर दातांवरचं कवच नीट बनत नाही, त्याच्या खुणा कायम राहतात. या पिल्लाच्या दातांवर त्या होत्या. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की एकोणिसाव्या आठवड्याच्या आसपास ते आजारी पडलं, पुढचे काही आठवडे आजार पुन्हापुन्हा उलटला, आणि एवढ्यातून ते माणसांनी सांभाळल्याशिवाय जगलंच नसतं. ताप, ओकाऱ्या, जुलाब. कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, अंग पुसलं. ना ते शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. काही आठवड्यांनी ते गेलंच.

चौदा हजार वर्षांपूर्वी तिथे घर म्हणण्यासारखं काय असेल? कातड्याचा आडोसा, शेकोटी. जाहिरात दिली असती तर मी त्या लोकांना ते पिल्लू दिलं नसतं.

मी कुणालाच देत नव्हते म्हणा. बघायला येणाऱ्या प्रत्येकात मला खोट दिसायची. एकांना ती राखणीला हवी होती, नको. एक जोडपं दिवसभर बाहेर, नको. एका गृहस्थांनी पंजा हातात घेऊन ‘मोठी होणार हो ही’ म्हणून भविष्य सांगितलं, उगीचच नको. मग एक कुटुंब आलं, त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी कुणी न सांगता पिल्लाकडे पाठ करून खाली बसली आणि नुसती थांबली. पिल्लू आपणहून गेलं, तिच्या वेणीचा वास घेतला, मांडीवर चढलं. हे मोठ्यांना शिकवून जमत नाही. मी त्यांच्या घराचे फोटो मागवले. दुसऱ्यांदा बघताना गॅलरीच्या गजांमधलं अंतर जास्त वाटलं.

‘जाळी लावता येते,’ नवरा म्हणाला.

मी काही बोलले नाही. त्या मुलीला नंतर दुसरं पिल्लू मिळालं, हिच्याहून शहाणं.

नवऱ्याचं सांगायचं राहिलं. तो पहिल्या दिवसापासून तिच्याशी अहो-जाहोत बोलायचा. ‘बाई, जरा सरकता का?’ ‘बाई, तो मोजा आमचा आहे.’ पाहुणी आहे, पाहुणीसारखी वागवायची, असं त्याचं धोरण. एका संध्याकाळी मी आत होते आणि बाहेरून आवाज आला, ‘ए, ऊठ तिथून, माझी जागा आहे ती!’ मी हातातलं काम ठेवलं आणि संस्थेला फोन लावला.

दत्तकाचा फॉर्म आम्हालाही भरायला लागला. नियम म्हणजे नियम. घर तपासायला एक मुलगी आली, बहुधा कॉलेजातली, पाठीला सॅक. माझ्या हातचा चहा बाजूला ठेवून तिने औषधं कुठे ठेवता, वायरी कुठे आहेत, बाहेरगावी गेलात तर कोण, सगळं विचारलं. मग गॅलरीत गेली, गजांच्या फटीत मूठ घालून पाहिली. मूठ आरपार गेली.

‘ताई, इथून हिचं डोकं जाईल. जाळी लावून घ्या, मग सही करू.’

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे.

जाता जाता तिने विचारलं, फॉस्टरिंग चालू ठेवणार ना? फॉस्टरच्या घरी पिल्लू कायमचं राहिलं की संस्थेच्या हिशेबात एक पिल्लू मार्गी लागतं आणि एक जागा अडते. पुढचं पिल्लू मग कुठे ठेवायचं हा तिचा रोजचा प्रश्न. तिच्या फोनवर सहा पिल्लांचा फोटो होता, एका टोपलीत, कुणाचा पाय कुणाच्या तोंडात आहे ते कळत नव्हतं. पावसाच्या आत हलवायला हवीत, म्हणाली.

‘आधी जाळी,’ नवरा म्हणाला.