मांडणी क्रमांक ६: सूर्य फलकात मावेना

मागच्या वेळी लिहिलं होतं की शाळेच्या वाचनालयात फलकावर केलेली पुस्तकांची चौथी मांडणी माझी आजवरची सर्वांत देखणी होती. चौदा पुस्तकं, मागे निळा कागद, वरून दोऱ्याने सोडलेले कागदी पक्षी. दोन आठवड्यांत त्यातलं एकच पुस्तक घरी गेलं. पाचवीतल्या एका मुलीने शेवटी विचारलं, "बाई, ही पुस्तकं घ्यायची असतात का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी प्रदर्शन मांडलं होतं आणि मुलं ते प्रदर्शनासारखंच, हात मागे बांधून बघत होती.

पाचवीत (मांडणी, इयत्ता नव्हे) काहीच जमलं नाही. ती सोडून देते.

सहावीचा विषय सूर्यमाला. ठरवलं की सगळं एकाच प्रमाणात करायचं: १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. हिशेब सोपा, पण सूर्याचा व्यास निघाला १३९ सेंटीमीटर आणि आमच्या फलकाची उंची १२०. लहान सूर्य करायचा मोह झाला, पण मग सगळी गंमतच गेली असती. म्हणून डावीकडच्या कडेतून सूर्याचा नुसता फुगवटा आत येऊ दिला. उरलेला सूर्य फलकाबाहेर आहे असं समजायचं. मुलं बरोबर समजली, मोठ्यांपैकी दोघांनी "कागद कमी पडला का?" असं विचारलं.

कमान आखायला आधी सुतळी वापरली. सुतळी ताणली जाते, त्यामुळे सूर्याला पोचा आला. मग लाकडी पट्टीला ७० सेंटीमीटर अंतरावर दोन भोकं पाडली, एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल. वर्तुळ झकास आलं.

गुरू १४ सेंटीमीटर, शनी साडेअकरा, नेपच्यून जेमतेम ५. पृथ्वी १२.७ मिलिमीटर! एवढं गोल कापायचं म्हणजे कात्रीची परीक्षा. शेवटी शिवणाच्या डब्यात निळी गुंडी सापडली, पट्टीवर मोजली तर बरोबर तेवढीच. चंद्र म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा ठिपका, पृथ्वीपासून ३८ सेंटीमीटरवर. तो जवळच असणार असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे मुलं तिथेच सर्वांत जास्त रेंगाळतात. ग्रहांची अंतरं मात्र फलकावर दाखवणं अशक्य. या मापाने पृथ्वी सूर्यापासून १५० मीटर लांब जाते. तशी चिठ्ठी लावली, तर सातवीची तीन मुलं मैदानात पावलं मोजत गेली.

आता अक्षरांबद्दल, कारण इथे मी बराच वेळ घालवला. कापलेल्या अक्षरांचे नमुने बहुतेक रोमन लिपीचे मिळतात. तिथे एकेक अक्षर सुटं चिकटवलं की झालं. देवनागरीत तसं केलं तर शिरोरेषेत फटी पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मी आता अख्खा शब्द एकसंध कापते: वर दोन सेंटीमीटरची पट्टी शिरोरेषा म्हणून, आणि अक्षरं तिलाच लोंबणारी. रफार आणि वेलांट्या पट्टीला जोडलेल्या राहतात, उकारही टिकतात. घात होतो तो अनुस्वाराचा. तो सुटा असतो, रात्रीतून पडतो, आणि सकाळी "चंद्र" चा "चद्र" होतो. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मागून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावून त्यावर अनुस्वार बसवला.

पुस्तकांकडे येते. खगोलशास्त्र आमच्याकडे वर्गीकरण क्रमांक ५२३ला, अंतराळयानं ६२९ला, लोककथा ३९८ला, कविता आणखी पलीकडच्या भिंतीला. वर्गीकरणाच्या दृष्टीने ठीकच आहे, पण चंद्राची गोष्ट आवडलेलं मूल चांद्रयानाच्या कपाटापर्यंत आपण होऊन जात नाही. मांडणीचा मला दिसणारा खरा उपयोग हाच, लांबलांब बसलेली पुस्तकं तीन आठवडे शेजारी बसवायची. फलकाखाली आठच जागा ठेवल्या, सगळी मुखपृष्ठं समोर, उंची साधारण सव्वा मीटर. त्याच्या वरची पुस्तकं पाचवीच्या मुलांना नुसती दिसतात. राखीव वीस पुस्तकं टेबलाखालच्या खोक्यात.

आणि या वेळची युक्ती: पहिल्या दिवशी दार उघडण्याआधी आठपैकी दोन पुस्तकं मीच काढून ठेवली. मांडणीत आधीच भोक दिसलं की हात पुढे होतात. मधल्या सुट्टीपर्यंत आणखी तीन गेली. आता कोण काय नेतंय हे बघायला देवघेवीच्या वहीत त्या नोंदींपुढे पिवळा ठिपका देते.

एक चूक परत केली. लाल कार्डशीट खिडकीसमोर लावली आणि ती तिसऱ्या आठवड्यात फिकट गुलाबी झाली. तिच्याखालच्या पुस्तकाचंही तेच झालं, मुखपृष्ठावरचा लाल-पिवळा उडाला, निळा तेवढा शाबूत. पुस्तकं आता सावलीच्या बाजूला सरकवली आहेत. सूर्य तिथेच आहे, तो फिका पडला तरी चालेल.

सोमवारी पृथ्वी गायब होती. कुणावर ओरडले नाही. रिकाम्या जागी बाण काढून लिहिलं, "पृथ्वी सापडल्यास देवघेवीच्या टेबलावर आणून द्यावी." बुधवारी सकाळी टेबलावर गुंडी होती, सोबत दुसरी लाल गुंडी आणि चिठ्ठी: "हा मंगळ. पण थोडा मोठा आहे." मोजला. जवळजवळ दुप्पट आहे. तरी लावला, आणि या वेळी दोन्ही गुंड्या दोऱ्याने शिवून टाकल्या.