आबांनी ओलांडलेला ओढा

इटलीच्या नकाशावर सेनिओ नदी सहज सापडत नाही. एपेनाइन्सच्या डोंगरात उगम, रोमान्याच्या सपाटीवरून उत्तरेकडे वाहणं आणि रेनो नदीत विलीन होणं, एवढाच तिचा संसार. बोलोन्याहून लोकल गाडीनं लुगोला उतरलो, सायकल भाड्यानं घेतली आणि पीचच्या बागांमधून निघालो. जवळ जाईपर्यंत नदी दिसतच नाही, नुसता बांध दिसतो. दोन्ही काठांना गवताळ मातीचे बांध, काही ठिकाणी 20 फुटांहून उंच. वर चढलं की खाली खोलात मातकट पाण्याची पट्टी.

"नदी कसली, ओढा व्हता ओढा," आबा म्हणायचे. "पर चढ लई वंगाळ."

आबा म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, शिपाई होते. वयाच्या 93 व्या वर्षी गेले. लढाईबद्दल ते याहून जास्त कधीच बोलले नाहीत. बाकीचं मी वाचून गोळा केलं.

1944-45 चा अख्खा हिवाळा आघाडी या नदीवर अडून होती. पुराचं पाणी अडवायला बांधलेल्या या मातीतच जर्मन सैन्यानं बोगदे खणून मशीनगन बसवल्या होत्या. पुढच्या उतारावर सुरुंग पेरले होते. 9 एप्रिल 1945 ला ब्रिटिश आठव्या सैन्याचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. दुपारी विमानांचा आणि तोफांचा भडिमार, मग आग ओकणाऱ्या गाड्या, आणि त्यामागून पायदळ. लुगोच्या समोरची बाजू 8 व्या भारतीय डिव्हिजनकडे होती आणि तिच्यात आपली जंगी पलटण.

त्या दिवशी याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला. नगर जिल्ह्यातल्या निमजचा गडी, कंपनीचा निरोप्या. गोळीबारात दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग एकट्यानं तीन मशीनगन ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागली तेव्हा टॉमीगन टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून पलटणीची घोषणा दिली आणि उरलेल्यांना पलीकडे बोलावलं. हे पदकाच्या मानपत्रात वाचताना शौर्यकथा वाटते. त्या चढावर सायकल ढकलत माझीच दमछाक झाली, तेव्हा 'जखमीला उचलून नेलं' या शब्दांचं वजन कळलं.

आबांचं नाव कुठल्याच मानपत्रात नाही. 1946 साली सैन्यातून सुटून फलटण तालुक्यात परत आले. सेवा कमी भरल्यामुळे पेन्शन नाही. लग्न झालं, पाच मुलं झाली, आणि नोकरी लागली ती नीरा उजव्या कालव्यावर, पाटकरी म्हणून. पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांचं आयुष्य बांधावरच गेलं. पहाटे चारला उठून कालव्याची फेरी, कुणाचं दार चोरून उघडलंय का ते बघणं, पाळीवरून भांडणाऱ्या भावाभावांना समजावणं. भरावात खेकड्याचं किंवा घुशीचं बीळ दिसलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. घरात कुणी नुसतं "बारीकसंच बीळ आहे" म्हटलं तरी ताटावरून उठून जायचे. आजी चिडायची, "अहो, कालवा काय तुमच्या बापाचा हाय का?" आम्हा नातवंडांना तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. सेनिओच्या बांधावर उभं राहून मी पहिल्यांदा विचार केला की हा माणूस बिळांकडे एवढा डोळ्यांत तेल घालून का बघत असेल. उत्तर मला ठाऊक आहे असा माझा दावा नाही. कदाचित ते फक्त चोख पाटकरी असतील.

मुलींना त्यांनी शिकवलं, तेही गावात नावं ठेवली जात असताना. धाकट्या आत्याला सायकल शिकवायला स्वतः मागे धावले. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची वेणी तेच घालायचे. इटली स्टार या युद्धपदकाची फीत, लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, आत्याच्या मुलीनं बाहुलीला बांधली होती. आबांनी ती काढू दिली नाही. "असू दे, पोरीला रंग आवडलाय."

2023 च्या मे महिन्यात इथं महापूर आला आणि सेनिओनंही बांध फोडले. डागडुजीची ताजी माती कुठं कुठं अजून ओळखू येते. मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. आत्याचं लगेच उत्तर: "भराव नीट दाबलेला नाही."

दुसऱ्या दिवशी फोर्लीला गेलो. तिथल्या भारतीय सैनिकांच्या दफनभूमीत 496 कबरी आहेत आणि आवारातच दहनस्मारक आहे. अग्निसंस्कार झालेल्या जवळपास 800 हिंदू आणि शीख सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर, कुठली कुठली माणसं यात असतील. आबांच्या तोंडी कधी आली असतील अशी नावं शोधायला लागलो आणि लक्षात आलं की त्यांनी एकाही मित्राचं नाव आम्हाला सांगितलेलं नाही. मग वरून खाली सगळीच वाचत गेलो. त्यात दुपार गेली.

कुणाच्या घरातलं माणूस त्या लढाईत गेलं असेल आणि इथं यायचा विचार असेल, तर दोन गोष्टी. फोर्लीत राष्ट्रकुल सैनिकांच्या दोन दफनभूमी आहेत, तेव्हा टॅक्सीवाल्याला 'इंडियन' आवर्जून सांगा. आणि निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. इंग्रजांनी आपली नावं कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत, त्यामुळे स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी घालून बघा. शिपाई क्रमांक ठाऊक असेल तर काम सोपं होतं. जुन्या ट्रंकेतली डिस्चार्जची कागदं फेकू नका, तो क्रमांक त्यांच्यावर असतो.