पाऊस नंतर येतो, वारा आधी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपडा तालुक्यात घरोघरी एकच घाई असते. कुरडया-पापड वाळून डब्यात गेले पाहिजेत, गोवऱ्या आणि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आडोशाला लागली पाहिजे, गहू आणि दादर ज्वारी कोठीत पडली पाहिजे. ही सगळी तयारी पावसाची. आमच्याकडे आधी येतो तो मात्र वारा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, दुपारभर जमीन तापते, संध्याकाळी ढग उठतो आणि पाऊण तासात उभी केळी आडवी करून निघून जातो. समुद्र इथून लांब, हे खरं. पण 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि जोर ओसरत ईशान्येकडे, म्हणजे आपल्याच बाजूला सरकलं. तेव्हापासून आमच्या घरात मे महिन्याची कामं मी वाऱ्याच्या हिशेबाने लावते.

घर आमचं तीन तऱ्हेचं आहे. पुढे स्लॅब, मध्ये सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि मागे पत्र्याची पडवी. स्लॅबला काही करावं लागत नाही. खरी काळजी पडवीची.

आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उपाय ठरलेला: पत्र्यावर दगड. "इतला वरीस दगडच ठेवात, काय व्हयनं?" यावर मी काही बोलले नाही, शिडी लावून वर चढले. पत्र्याच्या हुकांखालचे काळे वॉशर उन्हाने इतके वाळले होते की चिमटीत धरताच भुगा झाला. वॉशर गेल्यावर वाऱ्यात पत्रा हलतो आणि हलून हलून भोक लांबट होतं. कडेची काही भोकं इतकी मोठी झाली होती की हुक असून नसल्यासारखा. आबांना वर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "वेल्डरले बलाव."

वेल्डरने सांगितलेलं मला पटलं, कारण ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. वारा पत्र्यावरून जोरात सरकला की वरचा दाब कमी होतो. पडवी समोरून उघडी असली तर आत घुसलेला वारा खालून रेटतो. दोन्ही मिळून पत्रा वर उचलतात, आणि पहिला उचलला जातो तो कडेचा आणि कोपऱ्याचा. अशा वेळी दगड पत्र्याला धरून ठेवत नाही, घरंगळून खाली कुणाच्या तरी डोक्यात पडतो. मग कडेच्या पत्र्यांना नवे स्क्रू आणि रुंद वॉशर बसवले, तेही पत्र्याच्या उंचवट्यावर, म्हणजे खोलगट भागातून वाहणारं पाणी भोकात शिरत नाही. वळचणीच्या बाजूने लोखंडी पट्टी आडवी टाकून ती खालच्या अँगलला बोल्टने आवळली. ज्या बाजूने वारा येतो तिकडे जाड ताडपत्रीचा पडदा लावायचं ठरलं होतं. वेल्डर म्हणाला, पडदा शिडासारखा फुगेल आणि खांबच ओढेल. तिथे पत्र्याचं दार केलं. खर्च वाढला, पण त्या दाराची कडी लागते, हे महत्त्वाचं.

धाब्याचं काम मला आवडतं. वरचं गवत मुळासकट उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळ मोकळी करायची आणि मग खारी टाकायची. ही पांढरट माती ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. घमेली वर पोचवायला जावा-नणंदा, पसरायला आणि चोपायला नानी, म्हणजे सासूबाई. त्यांच्या हाताखाली खारीचा उतार जसा पन्हाळीकडे जातो, तसा माझ्याकडून अजून जात नाही.

बाकीचं भराभर उरकलं. घरावर आलेल्या लिंबाच्या, म्हणजे कडुनिंबाच्या, फांद्या छाटल्या. कडब्याची गंजी दोरखंडाने आवळली. लाईट एकदा गेली की बोअर बंद, म्हणून वादळाचा इशारा आला की टाकी, हंडे, पिंप सगळं भरून ठेवते आणि फोन चार्ज करते. तार तुटून पडली तर जवळ जायचं नाही, वीज कंपनीच्या 1912 या नंबरला फोन करायचा, हे पोरांनासुद्धा पाठ आहे. सातबारा, आधार, पासबुकं दोन पिशव्यांत गुंडाळून लोखंडी पेटीत.

विजेचं मात्र मी मनावर घेते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते दाखवतं. शेतात नेट नीट मिळत नाही, म्हणून दुपारनंतर ते घरून मी बघायचं आणि यांना फोन करायचा, असं ठरलंय. ढग गडगडला की गुरं लिंबाखाली बांधायची नाहीत, हे गडीमाणसांना पटवायला जरा वेळ लागला, कारण सावलीची जागा तीच.

आणि केळी. बाग वाऱ्यापासून वाचवणं घरच्या माणसाच्या हातात फारसं नाही. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, झाडांना बांबूचा टेकू देता येतो, तोही सगळ्या बागेला परवडत नाही. फळपीक विमा काढलेला असेल तर वाऱ्याने नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवावं लागतं, आणि नेमके त्याच वेळी लाईट आणि नेटवर्क दोन्ही गायब असतात. म्हणून पॉलिसीचा नंबर, गट नंबर आणि कळवायचा फोन नंबर एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. उभ्या बागेचे फोटोही मेच्या सुरुवातीलाच काढून घेते. आडव्या केळीत उभं राहून इथे माल कसा होता ते तोंडी सांगत बसण्यापेक्षा ते बरं.