अर्नी शेव्हर्सचा उजवा हात
आज दुपारी मुष्टियोद्धे अर्नी शेव्हर्स आणि मोहम्मद अली यांच्या 29 सप्टेंबर 1977 च्या लढतीचे चित्रण पुन्हा पाहिले. दुसऱ्या फेरीत शेव्हर्सचा उजवा ठोसा बसताच अलींचे पाय लटपटले, पण त्यांनी तोंडाचा आ वासून जे हावभाव केले, त्यांमुळे शेव्हर्सला ते नाटक वाटले असावे आणि तो पुढे सरसावला नाही. तो क्षण मी तीनदा मागे नेऊन पाहिला. पंधरा फेऱ्यांनंतर निकाल अलींच्या बाजूने लागला. 1979 मध्ये केन नॉर्टनला पहिल्याच फेरीत संपवणाऱ्या शेव्हर्सने त्याच वर्षी लॅरी होम्सलाही सातव्या फेरीत आडवे केले, तरी होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. जगज्जेतेपद शेव्हर्सला कधीच मिळाले नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.