तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या खोलीत बार्टोलीचाच फोटो का?

जिल्ह्याच्या गावी मुलांना टेनिस शिकवायला लागून मला वीस वर्षे होऊन गेली. क्लबमध्ये रॅकेट आणि चेंडूंच्या पेट्या ठेवायची जी खोली आहे, तिच्या भिंतीवर एकच फोटो आहे. मुलाचे नाव घालायला आलेले पालक तो पाहतात आणि विचारतात, "सर, स्टेफी नाही, सेरेना नाही, ही कोण?" मॅरियन बार्टोली, असे सांगितले की टेनिस पाहणाऱ्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे विम्बल्डन जिंकून लगेच निवृत्त झाली ती? तिच्याकडून मुलांनी काय घ्यायचे?" दारात उभ्या उभ्या मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. पण इतक्या जणांनी विचारलेत, तेव्हा एकदा सविस्तर सांगतो.

बार्टोलीचा जन्म १९८४ चा. फ्रान्सच्या मध्यभागातील डोंगराळ मुलखात रेतूरनाक नावाचे एक लहानसे गाव आहे, तिथे ती वाढली. तिचे वडील वॉल्टर हे गावातले डॉक्टर. ते टेनिसचे प्रशिक्षक नव्हते आणि व्यावसायिक खेळाडूही नव्हते. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि रात्री मुलीला घेऊन कोर्टवर जायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे मुलीसाठी त्यांनी डॉक्टरकीही सोडली. १९९२ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात मोनिका सेलेसने स्टेफी ग्राफला तिसऱ्या सेटमध्ये १०-८ असे हरवले. तो सामना पाहून, दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी फटका मारणाऱ्या सेलेससारखेच आपल्या मुलीने खेळावे, असे त्यांनी ठरवले. तेव्हा बार्टोली सात वर्षांची होती.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही हौशी बापाची वाटेल. मला तिच्यात रस वाटू लागला तो रेतूरनाकच्या बंदिस्त कोर्टाविषयी वाचल्यावर. त्या कोर्टावर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या, मागे जेमतेम जागा होती आणि पाठीशी लगेच भिंत होती. चेंडू टप्पा घेऊन वर चढेपर्यंत मागे सरकत राहायचे आणि मग आरामात मारायचे, हे तिथे शक्यच नव्हते. चेंडू उसळतानाच, लाइनवर किंवा लाइनच्या आत उभे राहून, लहानशा झोक्यात मारणे भाग होते. रॅकेटवर दोन्ही हात असतील तर झोका आपोआप आखूड होतो आणि समोरून जोरात आलेल्या चेंडूलाही मनगट हटत नाही. म्हणजे जगाला जो विक्षिप्तपणा वाटला, तो मुळात अपुऱ्या जागेवर काढलेला तोडगा होता. आमच्या कोर्टवरही बेसलाइनपासून सातव्या पावलाला क्लबची भिंत लागते, हे इथे सांगून ठेवतो.

दोन हातांच्या फोरहँडचा, म्हणजे उजव्या बाजूने मारायच्या फटक्याचा, तोटा उघड आहे. हात कमी पोचतो, आणि अंगापासून दूर गेलेला चेंडू गाठायला एक पाऊल जास्त धावावे लागते. बार्टोली जात्याच चपळ नव्हती, त्यामुळे तिला हा तोटा दुप्पट जाणवायला हवा होता. डॉक्टरांनी त्यावरही आपल्या परीने इलाज शोधले. ती टाचांवर टेकू नये म्हणून बुटांच्या टाचांना टेनिसचे चेंडू चिकटवले, आणि कमरेला रबरी पट्टे बांधून त्यांच्या ताणाविरुद्ध तिला पळायला लावले. व्यावसायिक सर्किटवर लोक या सरावाला हसत असत. सर्व्हिस करण्याची तिची तऱ्हाही पुस्तकात न सापडणारी होती, आणि दोन गुणांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांकडे तोंड करून उड्या मारणे, हवेत रॅकेट फिरवणे हे प्रकार शेवटपर्यंत चालू राहिले. खरे सांगायचे तर सुरुवातीला मीही हसणाऱ्यांतलाच होतो.

२००७ च्या विम्बल्डनमध्ये तिने हे हसू काही काळ थांबवले. ती अठराव्या मानांकनाची होती आणि उपांत्य फेरीत समोर अग्रमानांकित जस्टिन हेनिन होती. पहिला सेट हेनिनने ६-१ असा घेतला, तेव्हा सामना संपल्यातच जमा होता. पुढचे दोन सेट बार्टोलीने ७-५, ६-१ असे जिंकले. अंतिम सामन्यात व्हीनस विल्यम्सने तिला ६-४, ६-१ असे हरवले आणि तिचे ते यश एका पंधरवड्याची किमया ठरवून लोक मोकळे झाले. वास्तविक गवतावर तिचा खेळ का चालतो, हे तेव्हाच कळायला हवे होते. गवतावर चेंडू कमी उसळतो आणि घसरत पुढे येतो. मोठा झोका घेणाऱ्या खेळाडूला तिथे उशीर होतो, आणि हिला मात्र बालपणापासून वेळ न मिळण्याचीच सवय होती. दुसऱ्या सर्व्हिसवर ती लाइनच्या दोन पावले आत येऊन उभी राहायची, तेव्हा सर्व्हिस करणारीच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना कोर्टवर उभे राहिलेल्या कोणालाही येईल.

२००७ नंतरची सहा वर्षे मला त्या एका विजेतेपदाहूनही मोलाची वाटतात, आणि पालकांना नेमकी तीच ठाऊक नसतात. २००९ मध्ये मॉन्टेरे आणि स्टॅनफर्ड, २०११ मध्ये ईस्टबोर्न आणि ओसाका, अशा स्पर्धा ती जिंकत राहिली. २०११ मध्ये फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी तिने गाठली आणि जानेवारी २०१२ मध्ये क्रमवारीत सातव्या स्थानावर पोचली. त्याच २०११ च्या विम्बल्डनमध्ये, तिसऱ्या फेरीत फ्लाव्हिया पेनेटाविरुद्ध खेळताना, सामना चालू असतानाच तिने आपल्या आईवडिलांना हाताने खूण करून स्टँडमधून बाहेर जायला सांगितले. ते उठून गेले. तिसरा सेट ९-७ असा जिंकून तिने तो सामना काढला आणि पुढच्याच फेरीत सेरेना विल्यम्सला सरळ सेटमध्ये हरवले. उपांत्यपूर्व फेरीत मात्र सबिन लिसिकीने तिला बाद केले. हे नाव लक्षात ठेवा.

सगळे आयुष्य वडिलांच्या सोबतीने घडवलेली मुलगी एका सामन्यापुरते त्यांना उठवून लावते, याचा लोकांनी तमाशा केला. मला त्यात तमाशा दिसला नाही. कारण याच वडिलांसाठी तिने केवढी किंमत मोजली होती! फ्रान्सच्या टेनिस महासंघाची अट अशी होती की फेड करंडकाच्या, म्हणजे देशादेशांमधल्या महिला सांघिक स्पर्धेच्या, संघात येणाऱ्या खेळाडूने संघाच्या प्रशिक्षकांबरोबर, संघाच्या पद्धतीने सराव करावा. वडिलांना बाजूला ठेवून सराव करायला बार्टोली तयार नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षे ती देशाच्या संघाबाहेर राहिली, आणि फेड करंडक खेळत नाही म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकलाही तिला पाठवले गेले नाही. फ्रान्सची अव्वल खेळाडू घरी बसली, आणि त्या ऑलिंपिकचे टेनिस झाले कुठे, तर विम्बल्डनच्याच हिरवळीवर. नियम सर्वांना सारखा असावा हे महासंघाचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. तरीही दोन्ही बाजूंनी एक पाऊल मागे घेतले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

ते पाऊल २०१३ च्या सुरुवातीला पडले. वडील प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले, बार्टोली फेड करंडकाच्या संघात परतली, आणि संघाची कर्णधार होती २००६ ची विम्बल्डन विजेती अमेली मोरेस्मो. भांडून तुटणे नव्हे, वेळ आल्यावर सुटणे, असे हे वळण होते. लगेच चमत्कार मात्र झाला नाही. त्या वर्षी विम्बल्डनपूर्वी तिने एकही स्पर्धा जिंकली नव्हती, आणि फ्रेंच ओपनच्या तिसऱ्या फेरीत फ्रान्चेस्का स्कियावोनेने तिला सहज हरवले होते.

विम्बल्डनला ती पंधराव्या मानांकनाने उतरली आणि सात सामन्यांत एकही सेट न गमावता बाहेर पडली. यावर नेहमीचा आक्षेप असा की तिला पहिल्या दहातील एकीशीही खेळावे लागले नाही. ते खरे आहे. सेरेनाला लिसिकीने हरवले होते, शारापोव्हा आणि अझारेंका या आघाडीच्या खेळाडू दुसऱ्याच फेरीत स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. पण ड्रॉ, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी पडणार ते, खेळाडू काढत नाही, आणि समोर येईल तिला सरळ सेटमध्ये हरवणे एवढेच तिच्या हातात असते. ६ जुलैला आपल्याकडे संध्याकाळी अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा क्लबच्या जुन्या टीव्हीसमोर आम्ही सात-आठ जण होतो. बार्टोलीसमोर होती तीच लिसिकी. लिसिकीला दडपण पेलवले नाही. ती कोर्टवरच रडू लागली. ६-१, ५-१ अशा पिछाडीतून तिने तीन मॅच पॉइंट (गेला तर सामनाच संपेल असे गुण) वाचवत दुसरा सेट ५-४ वर आणला, आणि आमच्यातल्या एकाने "आता ही हरणार" असे जाहीरही केले. त्यानंतरचा सर्व्हिस गेम बार्टोलीने एकही गुण न देता जिंकला आणि शेवटचा गुण एसने, म्हणजे समोरचीची रॅकेटही न लागलेल्या सर्व्हिसने, घेतला. जिच्या सर्व्हिसला सगळे हसायचे, तिने विम्बल्डन एसवर संपवले. मग ती स्टँडमध्ये चढून आपल्या माणसांकडे गेली, आणि त्यांत वडीलही होते.

ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, धरल्या तर ही तिची ४७ वी होती. पहिल्या ग्रँड स्लॅम विजेतेपदासाठी तोवर कोणत्याही महिलेला इतकी वाट पाहावी लागली नव्हती. दोन वर्षांनी हा विक्रम मोडला तो त्याच पेनेटाने, जिच्याविरुद्ध बार्टोलीने आईवडिलांना बाहेर पाठवले होते. विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्याच्याच दिवशी बीबीसीच्या एका समालोचकाने बार्टोलीच्या रूपावर शेरा मारला आणि नंतर माफी मागितली. त्यावर तिने हसत उत्तर दिले, की मॉडेल होण्याचे स्वप्न मी कधी पाहिले नव्हते, विम्बल्डन जिंकण्याचे मात्र नक्की पाहिले होते.

आता तुमचा खरा प्रश्न. १४ ऑगस्टला सिनसिनाटीमध्ये सिमोना हालेपकडून हरल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने त्याच रात्री निवृत्ती जाहीर केली. खांदा, पाठ, कंबर, पाय, सगळे दुखत होते. विम्बल्डनसाठी शरीरात उरले होते तेवढे तिने वापरले होते. बक्षिसांतून तिने एक कोटी डॉलरहून अधिक कमावले होते, आणि विम्बल्डन विजेती म्हणून पुढची दोन-तीन वर्षे पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरूनही तिला मानाने राहता आले असते. "पळून गेली" म्हणणाऱ्यांनी एकदा दुखऱ्या खांद्याने सलग तीन दिवस सर्व्हिस करून पाहावी. पुढे २०१८ मध्ये पुनरागमन करण्याचे तिने ठरवले होते, पण खांद्यानेच नकार दिला आणि ते मध्येच सोडावे लागले. म्हणजे २०१३ मधला तिचा अंदाज बरोबर होता.

एक गोष्ट मात्र मी पालकांना सहसा सांगत नाही. शिकवायला लागलो तेव्हा माझ्याकडे एक मुलगी यायची, दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी मारायची आणि चांगले मारायची. पुस्तकात तसे नाही म्हणून मी तिचा डावा हात सोडवला. तीन महिन्यांत तिचा फोरहँड गेला आणि पावसाळ्यानंतर ती परत आलीच नाही. तिच्या घरच्यांनी मला बोल लावला नाही, कारण सर सांगतात ते बरोबरच असणार, अशी त्यांची समजूत होती. २००७ ची ती उपांत्य लढत पाहताना मला पहिल्यांदा ती मुलगी आठवली.

खोलीतला फोटो करंडक उंचावलेला नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही हात रॅकेटवर आहेत, पाय लाइनच्या आत आहेत आणि नजर खाली, टप्पा घेतलेल्या चेंडूवर आहे. या जूनमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी नव्याने आली, तीही दोन हातांनीच मारते. "सर, हे बदलायला हवे ना?" असे तिच्या बाबांनी विचारले. मी तिचे हात तसेच राहू दिले आणि तिला क्लबच्या भिंतीकडच्या बाजूला, लाइनच्या एक पाऊल आत उभे केले.